शेवटचे तीन दिवस

रिक्षा माझी नाही, शाणूची.
टपावरचे दोन भोंगे मात्र माझे,
सावर्ड्याच्या एका मोडलेल्या नाटक मंडळीकडून घेतलेले.
डावा 'स' नीट म्हणत नाही,
सेलच्या दिवसांत मी उजव्यावर विसंबतो.
तासाला साडेतीनशे, पेट्रोल वेगळं,
शाणूचा चहा शाणूचा.

धंद्यातलं सांगू नये, पण सांगतो.
दुकानाचं नाव आधी घ्यायचं नाही. आधी हाक.
'ऐका हो' म्हटलं तर फोंड्यात कुणी ऐकत नाही,
'अहो वहिनी' म्हटलं की
कुर्टीच्या उतारावरच्या सगळ्या वहिन्यांचे
नारळ खवणारे हात थांबतात.
मग किंमत.
मग गप्प. एक श्वास, पुरा.
तेवढ्यात घराघरांत हिशेब होतो, तो होऊ द्यायचा.
तिस्कावर रिक्षा हळू, शाळेपाशी मुकी,
स्मशानाकडे आवाज बारीक. बंद नाही.
तिथून माणसं परत घरीच जातात,
आणि घरी जुना फ्रिज असतो.

'शेवटचे तीन दिवस' हे मी
गोकुळदास शेठच्या फ्रिजांसाठी
मे महिन्यापासून म्हणत आलो.
कुणी विचारलं नाही, कुठले तीन.
मीच एकदा विचारलं. शेठ बिलं लावत होते.
म्हणाले, कुणाचे शेवटचे, ते कुठं बोललोय आपण?

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचा बाजार.
सुपारीचे घड, कांगलां, तोरिंगं,
ओल्या पानांचा वास आणि त्यात अडकलेली आमची रिक्षा.
बेतोड्याची एक बाई खिडकीशी आली.
पोरगा हरवला. पैसे किती, तिनं आधी विचारलं.
मी माइक चालू केला.

अहो वहिनी, अहो भाऊ, लक्ष द्या,
साईल गावडे,
वय वर्षं फक्त सात!
आणि थांबलो. सवयीनं. एक श्वास, पुरा.
'फक्त' कुठून आलं, देवाला ठाऊक.
घड निवडणाऱ्यानं मान वर केली नाही.
त्याची बायको म्हणाली, जाऊया नंतर,
अजून तीन दिवस आहेत.

पुन्हा म्हटलं. भरभर म्हटलं,
मग संथ, गणपतीच्या आरतीआधी भटजी सांगतात तसं.
पिवळा शर्ट, उजव्या पायात चप्पल नाही.
गळ्यातून जे निघे त्याला झालर लागलेली.
वीस वर्षं मी ती शिवत होतो,
आता उसवायला बसलो तर
खाली कापडच सापडेना.

शेवटी माइक तिच्या हातात दिला.
तिनं तो पळी धरतात तसा धरला.
बोलली काहीच नाही.
माइक भोंग्याच्या फार जवळ गेला असावा,
अशी शीळ फुटली की
अख्ख्या बाजारानं कान धरले
आणि पहिल्यांदा आमच्याकडे पाहिलं.

गर्दी जराशी हलली, तेव्हा दिसला.
फटाक्यांच्या दुकानासमोर, ताठ उभा,
थुंकीनं केस बसवलेले, शर्ट आत खोचलेला.
स्वतःचं नाव त्यानं तिन्ही वेळा ऐकलं होतं
आणि बोलावतील म्हणून तयार होऊन थांबला होता.
आईनं आधी एक ठेवून दिली, मग कवटाळलं.
तिच्या काखेतून त्यानं मला विचारलं,
"म्हाका कितें लागलां?"

माझ्याकडे प्रेशर कुकर होता, मिक्सर होता,
भाग्यवान विजेत्याला काजूचा डबा होता.
सगळं तोंडपाठ.
मी माइकची वायर गुंडाळत राहिलो.

तो अर्धा तास शेठनी कापला.
परत येताना बोरीच्या पुलापर्यंत
आम्ही दोघं गप्प होतो, भोंगेही.
मग शाणू म्हणाला, पोरगा हुशार हां.
आजवर तुझं शेवटपर्यंत ऐकलेला
तो एकटाच.