पेक्षा कमी

हामरफेस्टच्या मासळी लिलावासाठी
तोरुन्ननं रांग लिहिली तेव्हा
रांगेत कोण उभं राहणार हे लिहिलंच नाही.
नुसता एक 'टी' ठेवला,
मांडून ठेवलेल्या रिकाम्या पाटासारखा.
जो येईल तो बसेल.

आधी कॉडच्या पेट्या आल्या,
मग बर्फाच्या गाड्या,
मग धक्क्याला लागायच्या बोटी.
वर्ग तोच. एक ओळ इकडची तिकडे झाली नाही.
ओड्वार म्हणाला, माझ्या आईचा वाफल्यांचा साचा अगदी असाच.
ती म्हणाली, त्या साच्याला पीठ माहीत असतं.
इथलं अजून दळायचंय.

अट एकच होती, तीही न बोललेली:
'टी'च्या जागी जो येईल त्याला
दुसऱ्याशेजारी उभं करून विचारता यावं,
हा त्याच्यापेक्षा कमी का?
पेट्यांनी वजन सांगितलं. बोटींनी वेळ.
बर्फाला तापमान होतं.

नोव्हेंबरात सूर्य गेला, तो जानेवारीत यायचा होता.
त्या अंधारात रुग्णालयाचं काम आलं:
सात बेटं, एक हेलिकॉप्टर.
तिनं तीच रांग उचलली,
'टी'च्या जागी लिहिलं, रुग्ण.

कंपायलर अडला.
चाळीस ओळींचा त्रागा, कंसात कंस, त्यात कंस,
आणि तळाशी एवढंच गाऱ्हाणं:
रुग्ण आणि रुग्ण यांच्यामध्ये
'पेक्षा कमी' म्हणजे काय
हे मला कुणी सांगितलेलं नाही.

वय टाक, ओड्वार म्हणाला, चालतं.
चाललं. सगळं लाल गेलं.
चाचणीच्या यादीत सगळ्यात वर
मोतीबिंदूचा त्र्याण्णव वर्षांचा म्हातारा,
सगळ्यात खाली
सहा दिवसांचं बाळ.
तिनं ती ओळ पुसली.

सकाळी (सकाळ म्हणायची, एवढंच) ती रुग्णालयात गेली.
रिस्तेन रात्रपाळी संपवून बूट चढवत होती.
तुम्ही कसं ठरवता?
ठरवत नाही, रिस्तेन म्हणाली. फोन करते.
श्वास ऐकते. वारा विचारते.
घरात आणखी कोण आहे ते विचारते.
तासाभरानं परत फोन करते,
तेव्हा उत्तर बदललेलं असतं.

आपल्याकडे 'पेक्षा'च्या आधी
एक अक्षर लागलं की अपेक्षा,
दुसरं लागलं की उपेक्षा.
तोरुन्नच्या भाषेत ही सोय नाही.
तिच्या हाताशी नुसता एक कोन,
चिमणीच्या चोचीएवढा,
एका बाजूला उघडा.

रात्री तिनं तो लिहिला.
पोटात आकडा ठेवला नाही,
रिस्तेनच्या टेबलावरची घंटा ठेवली.

मग रांग आपोआप कशी लागणार, ओड्वारनं विचारलं.
नाही लागणार.

कंपायलरनं मुकाट मान्य केलं.
त्याला व्याख्या हवी होती,
उत्तर कुठे मागितलं होतं त्यानं.

धक्क्यावरची रांग अजून तीच आहे.
वजनानं लागते. बरोबर लागते.