करपल्या पानाची दिशा

पडद्यावर हा तुकडा लाल होता.
लाल म्हणजे तिसरी पायरी, शेंड्यापर्यंत गेलेली आग.
उपग्रहाने परवा वरून जाताना एवढंच सांगितलं
आणि तो पुढे समुद्रावर निघून गेला.

आम्ही मात्र गाडीने आलो,
दोनदा चाक रुतवून, एकदा वाट चुकून:
मी, रेंजर सिलास आणि त्याची मावशी वेरोना.
मुलूख तिच्या आईचा,
म्हणून आत शिरण्याआधी तिने मोठ्याने हाक घालून
खडकांना, पाण्याला सांगितलं आम्ही कोण ते.
माझं नाव दोनदा घेतलं,
दुसऱ्यांदा जरा बरोबर.

बारा नंबरचं ठिकाण. दोरी पन्नास मीटर.
सिलास काठी उभी धरतो, मी वाचते:
खोड काळं, गुडघ्याइतकं.
पानं करपलेली, दोन मीटरपर्यंत.
त्याच्यावर हिरवं. थेट आभाळापर्यंत हिरवं.
मधेच गवताचं एक बेट, न पेटलेलं,
त्यात लाव्याची दोन पिसं
आणि एक वारूळ, एका अंगालाच धुरकटलेलं.

ही तर पहिली पायरी.
मग लाल आलं कुठून?
वेरोना हनुवटीनेच दाखवते: कडा.
पावसांनी काळा पडलेला वाळूचा खडक, त्याची सावली.
"तुझ्या त्या वरच्या डोळ्याला
टक्कल आणि भाजलेलं डोकं
यातला फरक कळत नाही गं."

मग तिने एक फांदी खाली ओढली.
निलगिरीची पानं, वाळून तांबूस,
सगळी एका बाजूला वळलेली,
जणू वारा सुटलाय. वारा नव्हता.
आग खालून जाते त्या क्षणी
पान जिकडे झुकलेलं असतं
तिकडेच शिजून राहतं.

"आग्नेयेचा वारा," ती म्हणाली. "सकाळचा.
दव वाळल्यावर लावलीय.
डेल्माने. ती कायम ओढ्याच्या अंगानं लावते."
मी लिहिलं: वारा, आग्नेय.
डेल्मासाठी रकाना नव्हता.

सोळा नंबरला कुणी बोललं नाही.
ही गेल्या ऑक्टोबरची,
हमरस्त्यावरून आलेली, तीन रात्री चाललेली.
राख पावसाने नेली. निलगिरींनी
खोडातूनच पालवी फोडलीय, लोकरी बाह्या घातल्यासारखी.
सायप्रसला ते जमत नाही.
सिलासची काठी संपली तरी वर काळंच होतं.
पानच नाही,
वारा कोणाला विचारायचा?
वेरोनाने एका खोडाला हात लावला
आणि तो फ्रॉकला न पुसता तसाच ठेवला,
गाडीत बसेपर्यंत.

रात्री तंबूत हिशेब.
किती हेक्टर, किती गवत, किती पाचोळा,
त्यातलं किती खरोखर जळलं.
कार्बन डायऑक्साइड धरायचा नसतो,
तो पुढच्या पावसात गवत परत घेतं.
धरायचा मिथेन, आणि नायट्रस ऑक्साइड,
जे उसनं नेतात आणि तोंड दाखवत नाहीत.
आधी इतकं जळायचं, आता इतकं;
मधल्या फरकाचे पैसे येतात.
त्यातून हेलिकॉप्टरचं इंधन, सिलासचा पगार,
शाळेच्या गाडीला टायर.

"न लागलेल्या आगीचे पैसे!"
वेरोना चहा ढवळत म्हणते,
"आई असती तर पोट धरून हसली असती.
ती फुकट लावायची."

बारा नंबर मी लालवरून फिकट पिवळा केला.
पडद्यावर काही हाललं नाही,
फक्त एका आकड्याचं शेवटचं टोक बदललं.
वहीत ठेवलेलं पान काढून पाहिलं.
टेबलावर ते कुठेही वळतं,
जसं ठेवू तसं.

संध्याकाळी येताना तिने एक काडी ओढून
गवतात टाकली होती, मागे न बघता.
घारी लगेच जमल्या होत्या, टोळांसाठी.
आता तिकडे फक्त एक बारीक नारिंगी कड उरलीय,
कुणीतरी हळूहळू उसवत नेल्यासारखी.
पहाटे दव पडेल, ती विझेल.
बुधवारी उपग्रह येईल,
हिरव्या शेंड्यांवरून बघेल
आणि लिहील: काही नाही.