नोंद क्रमांक १४१७

शनिवारी आम्ही सहा जण असतो,
पाऊस असला तर चार.
घटनेप्रमाणे गणपूर्ती पाचांची,
म्हणून पावसातले ठराव
आम्ही कोरड्या दिवसाची तारीख घालून लिहितो.

हेबेर बॉयलरच्या पोटात शिरतो.
बाहेर त्याचे बूट तेवढे दिसतात
आणि शिव्या ऐकू येतात, पत्र्यावर आपटून दुप्पट झालेल्या.
प्रमाणपत्र संपून नऊ वर्षं झाली.
शाळेची मुलं आली की इंजिन जागच्या जागी शिट्टी देतं,
तीही कंप्रेसरच्या उसन्या हवेवर.
नेल्बा पितळ घासते आणि थकलेल्या वर्गण्यांची नावं
मोठ्यानं वाचते.
मी जन्मभर औषधं विकली. अक्षर वाचता येतं असा
गावातला एकमेव औषधवाला,
म्हणून नोंदवही माझ्याकडे.

लोक वस्तू आणून देतात.
टोप्या, पंच, एका स्टेशनमास्तरचा चमचा,
अर्धंच वापरलेलं परतीचं तिकीट.
कंदील एक्केचाळीस.
नको म्हणायला आमच्याकडे छापील पत्र आहे,
तीन ओळींचं, सभ्य.
मी ते दोनदाच धाडलं, दोन्हीदा कंदिलासाठी,
आणि दोन्ही कंदील
सोमवारी दाराशी ठेवलेले सापडले.

मार्चमध्ये ओदुलिया सुगास्ती आली.
बगलेत थर्मास, हातात कडू येर्बाचा तुंबा,
खांद्याला पिठाची पिशवी.
पिशवीतून तिनं पितळी कांडी काढली,
दोन टोकांना दोन नावं कोरलेली:
सेर्रो मोचो, पासो लार्गो.

एकेरी मार्गाचा नियम साधा आहे.
कांडी ज्याच्या हाती, मार्ग त्याचा.
पोचलास की स्टेशनमास्तरच्या हातात दे.
तोवर दुसरी गाडी सुटत नाही.

"शेवटच्या रात्री घ्यायला कुणी नव्हतं," ती म्हणाली.
"स्टेशनमास्तर दुपारच्याच बसनं गेलेला, गादीसकट.
बाबा अर्धा तास फलाटावर उभे राहिले.
मग घरी आणली, कपाटावर ठेवली.
जेवताना कुणी चिडवलं तर म्हणायचे,
मी अजून पोचलो नाही."

हेबेर बाहेर आला, काजळीतून नुसते डोळे.
पलीकडे रुळांत गुडघाभर गवत होतं,
कुणाची तरी गाय बांधलेली.
पुलाचे स्लीपर लोकांनी कुंपणाला नेले त्यालाही जमाना झाला.
आणि हे सगळं, चौतीस वर्षं, नियमानं,
व्यापलेला मार्ग.

आमच्यात खरा रेल्वेचा माणूस एकच, ओलेगारिओ,
वय एक्याण्णव. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.
तो म्हणाला, "मी सांधेवाला.
स्टेशनमास्तरचं काम मी करत नाही."

तेव्हा नेल्बानं काचेचं कपाट उघडलं.
प्रदर्शनातील वस्तू वापरू नयेत,
ही पाटी मीच टाइप केलेली.
नोंद २१२, टोपी, आतून कसर लागलेली,
तिनं डोक्यावर चढवली
आणि पॉलिशनं काळा झालेला हात पुढे करून
फलाटावर जाऊन उभी राहिली.

ओदुलिया पार दुसऱ्या टोकाला गेली.
तिथून चालत आली, सावकाश,
ब्रेक लावत आल्यासारखी.
कांडी दिली. नेल्बानं घेतली.
ओलेगारिओनं घड्याळ पाहिलं: "अकरा बावीस."

मी लिहिलं. स्थिती: चांगली.
मधोमध हातानं झिजून गुळगुळीत.
आगमन: ११.२२. उशिराचा रकाना आमच्या वहीत नाही.
देणगी की ठेव, इथं पेन अडलं.
मी विचारलं.
"दोन्ही नाही," ओदुलिया म्हणाली. "जमा."

मग बराच वेळ तुंबा हातोहात फिरला.
हेबेर पुन्हा बॉयलरमध्ये गेला,
पण आतून आवाज येईना.

"आता मार्ग मोकळा," नेल्बा म्हणाली,
"ती गाय कुणीतरी सोडून आणा."
टोपी काढायचं तिच्या लक्षातच नव्हतं,
आणि मीही आठवण केली नाही.