पाणी कुठं मुरतं

लेंगऱ्याच्या माळावर मका चिकात आलाय.
दाण्यावर नख रोवलं तर दूध येतं, घट्टसर.
हीच वेळ.
आठ दिवसांनी ताटांच्या काठ्या होतात.

मी ट्रॅक्टर बांधाला लावतो.
मागं गाठी बांधायचं मशीन, लाल,
एका बाजूनं रंग गेलेला.
द्रौपदाआक्का शेणाचे हात टोपपदराला पुसत येतात,
कुट्टी मुठीत धरतात, दाबतात, मूठ उघडतात.
पाणी गळत नाही. गोळा सावकाश सुटतो.
"झालंय बेताचं," म्हणतात. "आता तू बोल. दर."

दर मी विट्यापासून
तोंडात घोळवतच आणला होता.
गेल्या साली किलोला सव्वा,
औंदा पावणेदोन.
सांगितला,
आणि उगाच हूकच्या पिनेकडं बघत राहिलो.

गोठ्याच्या दारामागं कोळशानं लिहिलेले आकडे.
सरकी पेंडीचं पोतं, खोडून, पुन्हा पोतं, पुन्हा खोडून.
युरियाची गोणी, आणि गोणीसंगं
गळ्यात मारलेली ती न मागितलेली बाटली.
मक्याचं बी. अळीची फवारणी, दोनदा.
कुट्टीवाल्याचं डिझेल.
सगळ्यात खाली दुधाचा आकडा
एकदाच लिहिलेला, स्वच्छ.
त्याला खोडायची वेळच आली नव्हती.

"पाणी मुरतंय कुठंतरी, जालिंदर.
माझ्यात न्हाय, हे मला ठावं हाय.
तुझ्यात मुरतंय का?"

मी खिशातून फिल्मच्या रोलची पावती काढली.
त्यांनी ती उलटी धरली, मग सुलटी.
दोन्हीकडून तेवढीच महाग.

"चाळीस गाठी बांध. उन्हाळ्याला त्या बऱ्या.
राहिलेलं खड्ड्यात."

खड्डा जुना, मधली काही वर्षं कोंबड्यांचा.
ताडपत्रीचाही भाव विचारून झालेला,
म्हणून धाकट्या ओंकारनं तालुक्याहून आणले
उतरवलेले फ्लेक्स:
वाढदिवस, निवड, पुन्हा वाढदिवस,
हात जोडलेली माणसं, प्रत्येकाला घड्याळ.
आक्कांनी चेहरे खाली घातले.
वर ऊन लागून रंग उडतो, म्हणाल्या.
रंगाचं त्यांना काय पडलं होतं, मी विचारलं नाही.

दिवस मावळेपर्यंत मी खड्ड्यावर ट्रॅक्टर फिरवला,
पुढं, मागं, पुढं.
हवा राहिली की बुरशी, हे काय मला सांगायला नको.
डिझेल माझं. ते मी बोललो नाही,
त्यांनीही काढलं नाही.
पैसे देताना मात्र
एक गाठ बोटानं दाबून बघितली,
फिल्म कोपऱ्यात फाटली होती,
आणि एकोणचाळीसचेच दिले.
मी घेतले.

पौषात पुन्हा गेलो, दुसऱ्याच कामाला,
तर खड्डा उघडायचा चाललेला.
दगड बाजूला, जुने टायर बाजूला,
फ्लेक्स उचलला तर जोडलेल्या हातांवर
मक्याचा रस उतरलेला, तपकिरी.
एका कोपऱ्यात दोन घमेली पांढरी पडली होती,
ती आक्कांनी काही न बोलता उकिरड्यावर टाकली.
खालचं मात्र पिवळसर, गार,
वास आंबूस,
थोडा काकवीकडं झुकणारा.
कानात पिवळा बिल्ला असलेली,
नाव नसलेली ती एचएफ
दावं ताणून, मान लांब करून उभी.

आक्कांनी मूठभर घेऊन दाबलं,
माझ्या नाकाखाली धरलं.
"बघ. ह्यातलं पाणी ह्यातच मुरलं.
तेवढं एकच सापडलं मला."

तिकडं माझं मशीन शेडमध्ये,
ग्रीस लावून, पोत्याखाली.
हप्त्याची तारीख मी मनात मोजत होतो
तेवढ्यात त्यांनी विचारलं,
"पुढच्या साली काय दर धरतोस?"

मी म्हणालो,
"रोलवाल्याला विचारून सांगतो."