राख आहे का

औलूत तीनलाच अंधार पडतो.
तूलिक्की भिंगाखालचा दिवा वाढवते :
लाकूडगिरणीतल्या म्हाताऱ्या तौनोचं फुफ्फुस,
नखाएवढं.

पेशी गोल करून बसल्यात,
शेकोटीभोवती बसावं तशा.
मधे राख आहे का, एवढंच बघायचं.
असेल तर क्षय.
नसेल तर सार्कॉइड, इकडे तेच असतं बहुधा,
म्हणतो नवा मुलगा, कोट चढवत.

एका कडेला करडं काहीतरी.
राख म्हणावी, तर नुसती सावली.

दुसरी काच. निळ्यात एक लाल काडी शोधायची.
दोनशे चौकटी. तीनशे.
निळं. निळं.
दिसली नाही म्हणजे नाहीच,
असं कुठल्याच काचेनं तिला आजवर शिकवलेलं नाही.
आणि सार्कॉइडचं औषध क्षयाला म्हणजे
आगीत तेल.

ती वॉर्डात फोन लावते :
लहानपणी घरात कुणी खोकायचं?

बऱ्याच वेळानं नर्स सांगते,
बहीण होती. सॅनेटोरियममध्ये नेली.
तो म्हणतो, हे कुणी विचारलंच नव्हतं.

तूलिक्की लिहिते :
नाव अजून देता येत नाही.
कल्चर येईपर्यंत स्टेरॉइड नको.

सहा आठवडे.
नदीवर बर्फ तेव्हाही असेल,
दिवस तेवढा
जरासा लांबलेला.