घट

पिंपं आली तेव्हा रिकामी होती,
तरी ट्रकचं दार उघडलं आणि मोचेमाडच्या उतारावर
भिजत घातलेल्या मनुकांचा वास सुटला.
हमाल एकेकात डोकावून बघत होते,
कुणी मागे काही विसरलंय का.

लाकूड ओकचं, स्पेनमधून आलेलं.
फळ्या आधी दोन वर्षं उघड्यावर भिजल्या, करपल्या,
मग पोटात आग पेटवून, पाठीवर पाणी मारत
त्यांना वाकवलं, लोखंडी कड्यांत आवळलं.
ना खिळा, ना सरस.
मग दीड वर्ष आत शेरी.
पिण्यासाठी नव्हे, लाकडाला वळण लागावं म्हणून;
नव्या मडक्यात आपण पहिली पेज उकळून
ओतून देतो, तसं.

हे मला कामिल डिमेलोंनी सांगितलं.
मी फक्त नोंदवहीवाली:
पिंप नंबर, लिटर, तारीख, सही.

दुसऱ्या वर्षी सतरा नंबर गळायला लागलं.
एक थेंब, मग बावीस आकडे मोजले की दुसरा.
स्पेनचा कारागीर फोनवर होता,
फोनवरून लाकूड कळत नाही.
म्हणून मांडवीवरून धाकू मेस्त आला, होड्या बांधणारा,
कानामागे पेन्सिल, एका स्लिपरला तारेचा टाका.

त्याने सतराभोवती फेरी मारली,
बोटाच्या पेराने ठोकलं, कान लावला.
‘होडी पानी भायर ठेवता,’ म्हणाला,
‘ह्यां उलट्या काळजाचां. भुतूर ठेवता.’
आणि पिशवीतून कापूस काढला, राळ काढली, तेल काढलं.
डिमेलो धावले. राळ नको! चव जाईल.
तेलही नको.
औषधच घेणार नाही म्हणणाऱ्या रोग्याकडे बघावं
तसा धाकू त्यांच्याकडे बघत राहिला,
मग उठून चालता झाला.

आम्हाला वाटलं, रागावला.
तो खाडीच्या कडेला, गुडघाभर चिखलात.
परत आला तेव्हा काखेत
पाणकणसाच्या सुक्या पानांचा भारा.

डिमेलोंनी पुन्हा फोन लावला, आणि हसायलाच लागले:
तिकडेही फळ्यांच्या सांध्यात हेच पान घालतात.
धाकूला त्याचं काहीच वाटलं नाही.
‘चिखल थंयसरय आसतलोच.’

माल उपसला, कडी सैल केली, पान सारलं, कडी ठोकली,
ठोक्याचा आवाज पिंपाभोवती गोल फिरत गेला.
परत भरलं.
बावीस झाले. काही पडलं नाही.
मी उगाच शंभरपर्यंत मोजलं.

तरीही दर मार्चात काठी बुडवली की माल उणा.
थंड देशात शेकडा दोन जातो म्हणे,
आमच्या घामट हवेत नऊ, कधी दहा.
दुपारी व्हिस्की फळ्यांत शिरते, रात्री माघारी येते,
येताना रंग आणते,
आणि दर खेपेला थोडी वाटेतच राहते.
डिमेलो म्हणतात, देवदूतांचा वाटा.
अबकारीचे साहेब म्हणतात, पुरावा दाखवा.
मी रकाना भरते: घट.
भांड्यालाही हाच शब्द आहे, मी म्हटलं.
साहेबांनी सही करताना मान वर केली नाही.

धाकूने मजुरी घेताना विचारलं होतं,
‘राखणदाराक काय दिलास?’
आम्ही गप्प.
‘तुमी दिलास नाय, म्हणान तो आपल्या हातान घेता.’

सातव्या वर्षी सतरा नंबर उघडलं.
तोवर बंदरावर सगळ्या फायबरच्या होड्या,
धाकू दारं-खिडक्या करत होता.
गळ्यात तुळशीची माळ; तो घेत नाही.
पेला नुसता नाकाशी धरला, बराच वेळ.
‘होडी उलटी घालून ठेवली काय,
तिच्या पोटाखाली ह्योच वास येता.’

मग पेला घेऊन दाराबाहेर गेला,
कुंपणाच्या कोपऱ्यावर, सातवणीखाली,
आणि रिकामा घेऊन परतला.

मी वहीत लिहिले तीस मिलिलिटर.
रकाना तोच.