नाव घालायची जागा

गुजरीच्या मागल्या बोळात माझं दुकान.
दुकान म्हणजे एक पाट, लाखेचा गोळा, भिंग,
आणि वरून सोडलेला बल्ब, तो हललेला मला खपत नाही.
साजाच्या पानांवर मासे-कासवं खोदून
डोळे बारीक झालेला मी, हैदर शिकलगार.
मला बंदुकीतलं काय कळतंय?

सर्जेराव सरनोबत म्हणाले, बंदुकीतलं नको,
खोदकामातलं सांग.
आणि धोतराच्या पानात गुंडाळलेली
पोलादी पट्टी पाटावर ठेवली, तळहाताएवढी.

तिच्यावर एक बैल पळत होता,
पाठीवर पोक, गळ्याखाली दाढी.
आमचं पोरगं वाकलं,
'दाजीपूरचा गवा हाय व्हय?'
'अमेरिकेचा,' सरनोबत म्हणाले,
'सव्वाशे वर्षं पळतोय, दमला नाही.'

मी भिंग लावलं.
खोदणारा डावखुरा असावा,
गवताच्या रेघा सगळ्या उलट्या कलाच्या.
मागल्या खुराशी त्याची छिन्नी निसटलेली,
केसाएवढी रेघ,
ती त्यानं गवताची काडी करून लपवलेली.
हसलो मी.
गेल्याच आठवड्यात एका कासवाच्या पायाशी
मी हेच केलं होतं.

मानेपाशी मात्र सगळं गुळगुळीत.
म्हटलं, उठवून देतो, दोन दिवसांत.
'नको.
तिथं कुणाचा तरी अंगठा टेकायचा.
तू बैल काढशील आणि माणूस पुसशील.'

मग नागाळा पार्कात त्यांच्या घरी सातही बघितल्या.
अठपैलू नळ्या, अक्रोडाचे दस्ते,
खाली रिकिबीसारखी कडी,
ती खाली ओढून वर आणली की
खट्, खटाक्,
जुन्या संदुकीनं घसा साफ केल्यागत.
बार एकदाही काढला नाही त्यांनी.
त्या मापाची गोळीच आता मिळत नाही.
एक मिरजेच्या डॉक्टराच्या नातवाकडून,
एक गगनबावड्याच्या माळ्यावरून, उंदरांनी पट्टा खाल्लेली,
एकीपायी तर कसब्यातला प्लॉट गेला.
वहिनीसाहेब चहा ठेवता ठेवता म्हणाल्या,
'सात सवती, आणि एकीला भाकरी थापता येईना.'

आचारसंहिता लागली की साती जणी रिक्षातून ठाण्यात.
हवालदार रजिस्टरात लिहायचा,
रायफल, जुनी, चित्रवाली, नग एक.
खाली तेच. खाली तेच.
निकालाच्या दुसऱ्या दिवशी सरनोबत दारात हजर,
कोण निवडून आलं ते ठाऊक नसलेला
गावातला एकटा माणूस.

सातवीच्या पट्टीवर वेलबुट्टीच्या मधोमध
अंड्याएवढी जागा कोरी होती.
मालकाच्या नावासाठी सोडलेली.
दर खेपेला विचारायचो, घालू? बाळबोध घालू, का मोडी?
'बघू,' म्हणायचे. 'दिवाळी होऊ दे.'

यंदा मतदान झालं, मोजणी झाली, गुलाल धुऊन निघाला.
ठाण्याच्या दारात कुणी आलं नाही.

महिन्यानं वहिनीसाहेब दुकानात आल्या,
हातात पावती, सात ओळींची.
लायसन त्यांच्या नावाचं, ते त्यांच्याबरोबर संपलं.
पोरगा बंगळूरला, त्याला भानगड नको.
'त्या कोऱ्या जागेत नाव घालता येईल काय, आता?'
'वस्तू सरकारजमा, वहिनीसाहेब.
छिन्नी टेकू कशावर?'

त्या बराच वेळ बल्बकडे बघत बसल्या.
मग पिशवीतून तेलाची बुधली काढली,
पितळी, चिंचोक्यानं घासावी तशी लखलखीत,
हिच्यातलं तेल त्या नळ्यांना लागायचं.
'हिच्यावर घाल.'

बाळबोध घातलं.
'नो'च्या मात्रेपाशी हात जरा हलला.
बल्ब स्थिर होता, त्याला बोल लावता येत नव्हता.
रेघ गेली बाहेर, केसाएवढी.

तिथं मी थोडं गवत काढलं.